झाडाच्या पोटातली कळ

नवरात्रात घट बसवताना मातीत सात धान्यं पेरतात. दसऱ्याला ती उगवण उपटून कुणी टोपीत तुरा खोवतं, कुणी कानावर ठेवतं. हे तुरे तुम्ही कधी नीट निरखून पाहिलेत का? शेतातला गहू नऊ दिवसांत एवढा वाढत नाही आणि असा पिवळाही नसतो. घटाचे तुरे मात्र लांबसडक, लुसलुशीत आणि फिकट पिवळे!

‘‘त्यात काय एवढं? देवघरात उजेड कमी, म्हणून हरितद्रव्य तयार झालं नाही, म्हणून पिवळे,’’ असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणालं असेल. शाबास! उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. पिवळेपणाचं समजलं, उंचीचं काय? उजेड नाही म्हणजे रोपाला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. दाण्यात जी शिदोरी बांधून आणलेली असते, तिच्यावरच गुजराण करायची. एवढी गरिबी असताना त्यानं खरं तर हात आखडता घ्यायला हवा. पण ते करतं उलटंच. मुळं बेताची, पानं नावापुरती आणि सगळी शिदोरी उंच होण्यात उधळायची!

यात मोठं शहाणपण आहे, बरं का. बी जमिनीत खोल रुजतं तेव्हा आजूबाजूला काळोखच असतो. तिथं पानं पसरून उपयोग काय? शिदोरी संपायच्या आत डोकं मातीबाहेर काढलं पाहिजे, नाहीतर खेळ खलास. म्हणून ते जिवावर उदार होऊन वर धावतं. माती फोडून उजेड लागला, की लगेच धावणं थांबवतं, पानं उघडतं, हिरवं होतं. देवघरातल्या मंद उजेडात घटाच्या बाळरोपांना वाटतं, आपण अजून मातीखालीच आहोत!

म्हणजे उजेड आहे की अंधार, हे रोपाला कळतं. पण त्याला ना डोळा, ना मेंदू. मग कळतं कुणाला?

लेट्यूसच्या बियांचा खेळ

या प्रश्नाचा माग काढण्यासाठी आपल्याला अमेरिकेत, वॉशिंग्टन शहराजवळच्या बेल्ट्सव्हिल गावी जायला हवं. तिथं सरकारी शेती-संशोधन केंद्र आहे. १९५० च्या सुमारास तिथं एक चमत्कारिक मंडळी एकत्र आली होती. हॅरी बोर्थविक हे वनस्पतिशास्त्रज्ञ. स्टर्लिंग हेन्ड्रिक्स हे रसायनशास्त्रज्ञ आणि शिवाय पट्टीचे गिर्यारोहक. एबेन आणि व्हिव्हियन टूल हे पती-पत्नी बियांचे जाणकार. आणि त्यांचा खेळगडी कोण, तर लेट्यूस. बर्गरमध्ये हिरवी कुरकुरीत पानं घालतात ना, तेच हे लेट्यूस. त्याच्या काही जातींचं बी अगदी हटवादी असतं. पाण्यात भिजवलं तरी अंधारात रुजायला तयार होत नाही; आधी उजेड दाखवा म्हणतं.

कुठला उजेड? सूर्यप्रकाशात तर सगळे रंग मिसळलेले. या मंडळींनी एक जबरदस्त कार्बन-आर्क दिवा घेतला, जुन्या सिनेमा थिएटरातल्या प्रोजेक्टरमध्ये असायचा तसला. त्याचा उजेड लोलकातून नेऊन रंग वेगवेगळे केले आणि एकेका रंगात भिजलेलं बी ठेवून पाहिलं. तांबड्या उजेडात काही मिनिटं ठेवलेलं बी नंतर अंधारातही छान रुजलं. पण तांबड्याच्या पलीकडे, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसतो असा आणखी एक रंग आहे. आपण त्याला ‘काठावरचा तांबडा’ म्हणू. साध्या तांबड्याची तरंगलांबी ६६० नॅनोमीटरच्या आसपास आणि या काठावरच्या तांबड्याची ७३०. (एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!) हा काठावरचा तांबडा बियांना दाखवला, की त्या रुजायच्या थांबत.

आता खरी गंमत पुढं आहे. त्यांनी बियांना आधी तांबडा दाखवला आणि मागोमाग काठावरचा. बी रुजेना. मग त्यावर पुन्हा तांबडा दाखवला. रुजलं! पुन्हा काठावरचा. नाही! असं आलटून पालटून कितीही वेळा करा, शेवटी तांबडा असेल तर शंभरातल्या सत्तरएक बिया रुजत आणि शेवटी काठावरचा असेल तर जेमतेम सहा-सात. आधी काय काय घडलं, याच्याशी बियांना देणंघेणं नाही. शेवटचा शब्द ज्याचा, त्याचं चालणार! हे निष्कर्ष १९५२ साली छापून आले.

तुमच्या खोलीतल्या दिव्याच्या बटनाचंही असंच असतं, नाही का? दिवसभरात ते किती वेळा दाबलं याला महत्त्व नाही, शेवटी वर आहे की खाली एवढंच बघायचं. म्हणजे बियांच्या आत एक कळ असली पाहिजे. (पोटदुखीची कळ नव्हे, दिव्याची कळ!) बोर्थविक आणि मंडळींनी तर्क केला, की हे एकच रंगद्रव्य आहे आणि त्याला दोन रूपं आहेत. तांबडा उजेड प्यायला की पहिल्या रूपाचं दुसरं होतं. काठावरचा प्यायला की दुसऱ्याचं पुन्हा पहिलं.

पण हे रंगद्रव्य कुणीही पाहिलेलं नव्हतं. इतर शास्त्रज्ञ थट्टेनं म्हणत, ‘‘हे तर कल्पनेतलं रंगद्रव्य!’’ थट्टा फार काळ टिकली नाही. त्याच केंद्रात कार्ल नॉरिस नावाचे एक इंजिनिअर होते. अंडं न फोडता ते आतून चांगलं आहे की नाही हे ओळखणारी उपकरणं ते बनवत. पदार्थ कोणता रंग किती शोषतो, हे त्यांची यंत्रं फार बारकाईनं मोजत. १९५९ मध्ये नॉरिस, वॉरन बटलर आणि हेन्ड्रिक्स यांनी मिळून अशा यंत्रात मक्याचे अंकुर ठेवले. तेही अंधारात वाढवलेले, पिवळे. म्हणजे आपल्या घटाच्या तुऱ्यांचे भाऊबंदच! हिरव्या पानात हरितद्रव्याच्या गर्दीत दुसरं काही दिसणं कठीण, पिवळ्यात ती अडचण नाही. तांबडा उजेड टाकताच अंकुराची तांबडा शोषण्याची ताकद कमी झाली आणि काठावरचा शोषण्याची वाढली. उलट उजेड टाकताच उलट झालं. कळ सापडली! तिचं नाव पडलं फायटोक्रोम. ग्रीक भाषेत फायटो म्हणजे झाड आणि क्रोम म्हणजे रंग.

गिरकी घेणारा रेणू

फायटोक्रोम हे एक मोठं प्रथिन आहे आणि त्याच्या कुशीत एक छोटा रंगीत रेणू बसलेला असतो. खरी कळ ती तीच. या छोट्या रेणूचं आपल्याशीही नातं आहे बरं! कावीळ झाली की डोळे पिवळे करणारं जे द्रव्य असतं, त्याचा हा चुलतभाऊ. नवजात बाळाला कावीळ झाली तर दवाखान्यात त्याला निळ्या उजेडाखाली ठेवतात, हे आईबाबांना माहीत असेल. तिथं उजेडामुळे काविळीच्या रेणूचा एक भाग वळतो, त्याचा आकार बदलतो आणि तो शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. फायटोक्रोमच्या कुशीतला रेणूही असाच. तांबडा उजेड प्यायला की त्याच्या एका टोकाची कडी गर्रकन गिरकी घेते. काखेत लहान मूल हललं, की उचलणाऱ्याला आपला तोल बदलावा लागतो ना? तसं इथं अख्ख्या प्रथिनाला अंग वळवून बसावं लागतं. बस्स, झालं दुसरं रूप! पहिलं रूप निळसर असतं, दुसरं हिरवट. आपण दुसऱ्याला ‘जागं’ फायटोक्रोम म्हणू आणि पहिल्याला ‘झोपलेलं’.

जागं झालेलं फायटोक्रोम पेशीच्या केंद्रात शिरतं. तिथं जनुकं असतात, म्हणजे झाडानं कसं वाढायचं याच्या आज्ञांचं दप्तर. आणि तिथंच काही प्रथिनं ठाण मांडून बसलेली असतात. त्यांचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. शास्त्रज्ञ थोडक्यात ‘पिफ’ म्हणतात. त्यातलं पहिलं पिफ १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात पीटर क्वेल यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. पिफचा एकच घोष चालू असतो - ‘‘वाढा, उंच व्हा, वर चला!’’ अंधारात त्यांना अडवणारं कुणी नसतं. उजेड आला, जागं फायटोक्रोम केंद्रात शिरलं, की ते पिफला धरतं आणि पेशी त्यांचे तुकडे करून टाकते. तेही काही मिनिटांत! घोष थांबतो, धावणं थांबतं, पानं उघडतात.

इथं एक सांगायला हवं. उजेड ओळखणारं फायटोक्रोम एकटंच नाही. निळा उजेड ओळखणारी वेगळी प्रथिनं आहेत. खिडकीतली कुंडी उजेडाकडे झुकते ती त्यातल्याच एका जातीमुळे. अतिनील किरण ओळखणारंही एक आहे. फायटोक्रोमचे सुद्धा प्रकार असतात. शास्त्रज्ञांचं लाडकं एक रोपटं आहे, अराबिडॉप्सिस नावाचं, आपल्या मोहरीच्या कुळातलं. त्या वीतभर तणात पाच प्रकारची फायटोक्रोमं आहेत. पण सगळ्यांच्या गोष्टी सांगत बसलो तर हा अंक पुरणार नाही!

शेजाऱ्याची चाहूल

आता तुम्ही विचाराल, झाडाला उजेड कळण्यासाठी तांबडा आणि काठावरचा असले दोन रंग हवेतच कशाला? उत्तर झाडाच्या पानातच आहे. हरितद्रव्य तांबडा उजेड गट्ट करतं. काठावरचा मात्र त्याला नको असतो. तो पानातून आरपार जातो किंवा पानावर आपटून परत येतो. उघड्या उन्हात हे दोन्ही रंग साधारण सारखेच असतात. झाडाखालच्या सावलीत तांबडा जवळजवळ संपलेला आणि काठावरचा भरपूर. म्हणजे भिंतीची सावली वेगळी आणि दुसऱ्या झाडाची सावली वेगळी, हे रोपाला नुसत्या रंगांच्या हिशेबावरून कळतं.

कुंडीत कोथिंबीर दाट पेरली तर ती किडकिडीत, उंच होते आणि माना टाकते. विरळ पेरली की ठेंगणी, भरदार. दाटीत काठावरचा तांबडा वाढतो, फायटोक्रोम झोपतं, पिफ मोकळे सुटतात आणि प्रत्येक काडी शेजारणीच्या वर डोकं काढायला धडपडते.

अर्जेंटिनातल्या शास्त्रज्ञांनी याहून पुढची गोष्ट दाखवली. शेजाऱ्याची सावली अंगावर पडायच्या आधीच रोपं उंच व्हायला लागतात! शेजारच्या पानांवर आपटून आलेला काठावरचा तांबडा खोडाला लागतो आणि शेजारी आलाय ही वर्दी मिळते. हे सिद्ध कसं केलं, ते ऐका. त्यांनी धोतऱ्याच्या आणि मोहरीच्या रोपांच्या खोडाभोवती मोरचुदाच्या पाण्यानं भरलेल्या पारदर्शक गळपट्ट्या बसवल्या. मोरचुदाचं निळं पाणी काठावरचा तांबडा शोषून घेतं. झालं! शेजारी गर्दी असूनही गळपट्टीवाली रोपं निवांत राहिली. १९९० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. कोट्यवधींची यंत्रं न वापरता केलेले असे प्रयोग मला स्वतःला फार आवडतात.

फुलांची वेळही हीच कळ सांभाळते. शेवंतीला रात्र मोठी झाली की फुलं येतात. म्हणून हरितगृहातले शेतकरी झाडं पुरेशी मोठी होईपर्यंत मध्यरात्री थोडा वेळ दिवे लावतात. लांब रात्रीचे दोन तुकडे होतात आणि शेवंती फसते. सोयाबीनचंही तसंच, रात्रभर जळणाऱ्या रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं शेत पिकलं तरी हिरवंच राहतं.

तीच कळ, तोच थर्मामीटर

इथवरची गोष्ट विसाव्या शतकातली. पुढची अगदी अलीकडची आणि मला विचाराल तर सगळ्यात नवलाची आहे.

जागं फायटोक्रोम अंधारात ठेवलं तर हळूहळू आपोआप झोपी जातं. त्यासाठी काठावरच्या तांबड्याचीही गरज नसते. हे शास्त्रज्ञांना १९६० च्या दशकापासून ठाऊक होतं. उकाड्यात ते लवकर झोपतं आणि थंडीत सावकाश, हेही दिसत होतं. पण झाड त्याचा काही उपयोग करून घेत असेल, हे ठामपणे दाखवलं गेलं २०१६ साली. तेसुद्धा एकाच वेळी दोन ठिकाणी! इंग्लंडात केंब्रिज इथं फिलिप विग्गे यांच्या गटानं आणि अर्जेंटिनात ब्युनोस आयर्स इथं होर्खे कासाल यांच्या गटानं.

एक गळकी घागर डोळ्यांसमोर आणा. दिवसा उजेड ती भरतो, रात्री ती गळते. भोक केवढं असेल ते उष्म्यावर ठरतं. थंड रात्री थेंब थेंब गळणार, पहाटेपर्यंत बरंच पाणी शिल्लक. उकाड्याच्या रात्री भळाभळा गळणार, पहाट व्हायच्या आत तळ दिसणार. घागर म्हणजे जागं फायटोक्रोम. ते संपलं की पिफ मोकळे आणि ‘वाढा, वाढा’ सुरू. पाचही फायटोक्रोमं नसलेली अराबिडॉप्सिसची रोपं केंब्रिजच्या गटानं तपासली. त्यांची जनुकं थंडीतही उकाडा असल्यासारखीच वागत होती. घागरच नाही, मग ती भरली की रिकामी हे कळणार कसं?

म्हणजे दिवसा उजेड मोजणारा रेणू रात्री तापमान मोजतो. एकच नोकर, दोन पाळ्या!

उकाड्यात उंच व्हायचं कशासाठी? पानं तापलेल्या जमिनीपासून वर उचलली जातात, त्यांच्यामधून वारा खेळतो आणि रोप थंड राहतं. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपायला जातो, तसंच काहीसं.

झाडाकडे एवढा एकच थर्मामीटर आहे, असंही नाही. २०२० मध्ये विग्गे यांच्याच गटानं एल्फ-थ्री नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची करामत दाखवली. हे प्रथिन पिफच्या जनुकाला दाबून ठेवतं. मात्र उष्मा वाढला की पेशीत पसरलेलं हे प्रथिन गोळा होऊन त्याचे थेंब बनतात आणि थेंबात अडकलं की त्याला काम करता येत नाही. थंडावा आला की थेंब पुन्हा विरघळतात. आपलं तूप थंडीत थिजतं आणि उन्हाळ्यात पातळ होतं. याचं नेमकं उलट!

हे सगळं नुसतं मौजेचं नाही. पृथ्वी तापते आहे आणि त्यात रात्रीही तापत आहेत. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेनं आपल्या शेतांवरच्या १९९२ ते २००३ या वर्षांच्या नोंदी तपासल्या. कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एका अंशानं वाढलं, की भाताचं पीक सुमारे दहा टक्क्यांनी घटत होतं. एक अंश! आपल्या अंगाला तो कळणारही नाही. याचा सगळा दोष फायटोक्रोमवर टाकता येणार नाही. उबदार रात्री झाडाचं श्वसन वाढतं, साठवलेलं अन्न जास्त जळतं, अशी कारणं त्यात आहेत. पण काडी वाढवण्यात अन्न गेलं तर दाण्याला कमी उरणार आणि उंच, बारीक काडीचं पीक वाऱ्यापावसात आडवं होणार, हे कुठलाही शेतकरी सांगेल. म्हणूनच उष्म्याला चटकन न फसणारी कळ पिकांना देता येईल का, याचा शोध आता चालू आहे. ते सोपं नाही. कळ फारच घट्ट केली तर रोपाला सावलीही कळणार नाही आणि ऋतूही!

आता तुमची पाळी. दोन वाट्या घ्या, त्यात ओला कापूस पसरा आणि दोन्हींत चिमूटभर मोहरी पेरा. (मोहरी अराबिडॉप्सिसची नातेवाईक, म्हणून मुद्दाम.) एक वाटी खिडकीत ठेवा, दुसरी बंद कपाटात. पाणी दोघींना सारखंच घाला. कपाटातल्या वाटीला पाणी घालताना खोलीत अंधार करा, नाहीतर कळ दाबली जाईल! चार-पाच दिवसांनी दोन्हींतले अंकुर पट्टीनं मोजून वहीत लिहा. कपाटातल्या अंकुरांचा माथा छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला दिसेल. तो कशासाठी, याचा विचार करा. इशारा म्हणून सांगतो, माती खरखरीत असते आणि कोवळा शेंडा नाजूक.

मग कपाटातली वाटी सकाळी खिडकीत आणून ठेवा. पहिला हिरवा ठिपका किती तासांनी दिसतो? वाकलेला माथा कधी सरळ होतो? दर दोन तासांनी बघा, जमलं तर चित्र काढा. आणि कपाटाच्या दारावर ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी लावायला विसरू नका. नाहीतर आजी शाल काढायला कपाट उघडेल आणि तुमच्या प्रयोगावर उजेड पडेल!